आहेरातलं पिस्तूल

ट्रेसाने होल्स्टरची, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाची, क्लिप जीनच्या कमरेवर दाबून बसवली, वरून शर्ट सोडला आणि नेडीनच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर बसवलेल्या आपल्या लेकीला, जूनीला, उचलून उजव्या कडेवर घेतलं. जूनीची टाच नेमकी तिथेच आपटली. होल्स्टरमध्ये निळं, प्लास्टिकचं नकली पिस्तूल होतं. मापं बघायला नेडीन गिऱ्हाइकाला तेच देत असे. तरीही ट्रेसाचा हात झटकन खाली गेला आणि तिने पोरीचा पाय धरून बाजूला केला.

"ही जागा बाद," नेडीन म्हणाली. "पोरीला डाव्या कडेवर घेऊन बघ."

"डावीकडे ती राहत नाही, मिस नेडीन. रडून घर डोक्यावर घेते."

"मग पिस्तूल डावीकडे लावू या."

"डाव्या हाताने मला चमचासुद्धा धड धरता येत नाही."

"पुढे लाव, पोटावर," स्टुलावर बसलेला व्हर्लिन म्हणाला. "हल्ली पुष्कळ लोक पुढेच लावतात."

व्हर्लिन कॉगिन्स हा ट्रेसाचा बाप. उभं आयुष्य त्याने लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवला होता आणि या दुकानात तो स्वतःच्या स्वयंपाकघरात वावरावं तसा वावरायचा. आल्या आल्या त्याने कोपऱ्यातल्या किटलीतून स्वतःच कॉफी ओतून घेतली होती. त्या डोंगराळ भागात माणूस सकाळी उठून बूट घालतो, कमरेला पिस्तूल लावतो आणि मग न्याहारीला बसतो. यात कुणाला काही बोलण्यासारखं वाटत नाही. व्हर्लिनचंही पिस्तूल चौकटीच्या शर्टाखाली उजव्या बाजूला होतंच. मुलीसाठी मात्र त्याने आजवर कधी घेतलं नव्हतं. मुलीला नवरा होता, म्हणून.

त्या नवऱ्याला, ब्रेंटला, सोमवारी न्यायाधीशांनी मनाई हुकूम बजावला होता. ट्रेसा आता आईबापांकडे राहत होती. त्याने त्या घराजवळ फिरकायचं नाही, ती काम करते त्या दुकानापाशीही नाही, आणि घरातली सगळी हत्यारं शेरीफच्या कचेरीत जमा करायची. ब्रेंटने निमूटपणे रायफली आणून दिल्या होत्या. व्हर्लिनचं तेवढ्याने समाधान झालं नाही. "हुकूम काय, कागदच," आज सकाळी तो अंडी खाता खाता म्हणाला होता, "तुझ्याजवळ तुझं स्वतःचं असायला हवं." ट्रेसा हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. माहेरी आल्यापासून ती कशालाच हो-नाही म्हणत नव्हती. लहानपणी हीच पोरगी चर्चमध्ये पाद्रीबुवांशी वाद घालायची. तिचं हे गप्प राहणं व्हर्लिनला सोसत नव्हतं, म्हणूनच त्याने तिला ट्रकमध्ये घालून इथे आणलं होतं. काहीतरी विकत घ्यायचं असलं की त्याला धीर येत असे.

"पोटावर नको," नेडीन म्हणाली. "ही ढोरांच्या खाद्याच्या दुकानात कामाला आहे ना? पोती पोटाशी धरूनच उचलतात. होय की नाही गं?"

"होय."

"मागे लावलं तर गाडीत पाठीला रुतेल. वर सीटचा पट्टा बांधलेला असला की हातही पोचणार नाही. तू गाडीत बराच वेळ असतेस?"

"जूनीला घरी आईजवळ ठेवते, मग गाडीने कामावर. सकाळ-संध्याकाळ."

नेडीनची ही रीतच होती. नवरा गेल्यावर दुकान तिच्या एकटीच्या अंगावर पडलं, पण तिने कधी कुठल्या गिऱ्हाइकाला आधी पिस्तूल दाखवलं नाही. आधी माणसाचा दिवस विचारायची. उठतेस किती वाजता, वाकतेस किती वेळा, बसतेस कुठे, कडेवर कोण असतं. पिस्तूल काय, ते कपाटात ठेवलं तरी चालतं, ती म्हणायची. रोज अंगावर बाळगायचं म्हणजे ते नवऱ्यासारखं आहे, टोचायला लागलं की बाई ते घरी ठेवून बाहेर पडते, आणि घरी ठेवलेल्याचा उपयोग शून्य. हा विनोद ती प्रत्येक बाईला ऐकवत असे. आज तिने तो ऐकवला नाही.

"पर्समध्ये ठेवलं तर?" ट्रेसाने विचारलं.

"पर्सचं नावही काढू नकोस. पर्समध्ये पोरांचे हात आधी जातात. मी तसलं काही विकतच नाही."

"मग घोट्याला," व्हर्लिन म्हणाला. "माझा भाऊ लावायचा."

"तुझा भाऊ दिवसभर खुर्चीत बसायचा, व्हर्लिन. ही वाकेल, जीनचा पाय वर करेल, तोवर तो दारातून आत आलेला असेल."

जूनी आईच्या शर्टाचं बटण तोंडात घालून चोखत होती. ट्रेसाने होल्स्टर काढून काउंटरवरच्या रबरी चटईवर ठेवलं. तिथे आधीच चारपाच पडली होती, काही चामड्याची, काही कडक प्लास्टिकची, एक तर पोटाला गुंडाळायच्या रुंद पट्ट्याचं. एका चिमुरड्या पोरीच्या पायाने ती सगळी बाद केली होती.

"होल्स्टरचं नंतर बघू," नेडीन म्हणाली. "आधी हाताला काय झेपतं ते ठरवू. हे धर. रिकामं आहे, मी पाहिलंय, तूही पाहा."

तिने एक लहानसं पिस्तूल उघडून दाखवलं आणि ट्रेसाच्या हातात दिलं. व्हर्लिनने जूनीला स्वतःकडे घेतलं. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढायचा होता. ट्रेसाने ओढला, अर्ध्यावर आला आणि तिथेच अडकला. तिने पुन्हा ओढला. तिचा ओठ दाताखाली गेला.

"मनगट दुखतंय?"

"थोडंसं."

"कधी मोडलेलं?"

"गेल्या हिवाळ्यात. पायरीवरून पडले."

नेडीनने मान हलवली आणि ते पिस्तूल परत घेतलं. व्हर्लिनने जूनीच्या केसांत नाक खुपसलं. ती पायरी त्याला चांगली आठवत होती. मुलीचा हात प्लास्टरमध्ये बघून तो त्याच आठवड्यात हातोडा, खिळे आणि नवी फळी घेऊन त्यांच्या घरी गेला होता. जुनी फळी त्याने उपटून काढली तेव्हा ती चांगली भक्कम निघाली होती. तरी त्याने नवी ठोकली. ठोकताना दुसरं टोक ब्रेंटने धरलं होतं, आणि काम झाल्यावर दोघांनी त्याच पायरीवर बसून थंडगार बिअर प्यायली होती.

ही आठवण त्याला नको होती. तो स्टुलावरून उठला.

"नेडीन, ते चपटं काळं काढ ना. ब्रेंटला दिलं होतं तसलं. त्याचा वरचा भाग ओढायला एवढा जड नाही. ते हिला जमेल."

नेडीन जागची हलली नाही. "ते थोडं मोठं पडेल, व्हर्लिन."

"मोठं कसलं. तूच मला म्हणाली होतीस, यासारखं भरवशाचं दुसरं नाही म्हणून."

म्हणाली होती खरी. तिकडची ही जुनी चाल आहे. मुलीचं लग्न झालं, केक कापून झाला, की बाप जावयाला हळूच चर्चच्या मागे घेऊन जातो आणि त्याच्या हातात एक पिस्तूल ठेवतो. ज्याची ऐपत नसते तो स्वतःचं जुनं देतो. व्हर्लिनने नवं कोरं दिलं होतं, याच काउंटरवरून घेतलेलं, आणि त्याबरोबर हाताने शिवलेलं चामड्याचं होल्स्टर, त्यावर जावयाची आद्याक्षरं कोरलेली. त्याच्या बायकोने, ओपलने, वर्षभर बसून लग्नाची गोधडी शिवली होती; पण त्या दिवशी भाव खाऊन गेलं ते पिस्तूल. ब्रेंटच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हा पोरगा आपल्याला मुलाच्या जागी आहे, असं व्हर्लिन त्या रात्री ओपलला म्हणाला होता. डब्याला रिबीन नेडीननेच बांधून दिली होती.

"काढ ना," तो पुन्हा म्हणाला.

नेडीनने काचेखालून ते काढलं, उघडून आत बोट घालून पाहिलं आणि चटईवर आडवं ठेवलं, तोंड भिंतीकडे करून.

ट्रेसा मागे सरकली. मागे मोज्यांचं फिरतं स्टँड होतं, ते तिच्या पाठीला लागून कलंडलं आणि दोनतीन जोड खाली पडले. तिने ते उचलले नाहीत.

"हे नको."

"अगं, हातात धरून तर बघ."

"नको, डॅडी."

"कारण तर सांगशील? वजन बघ, पकड बघ. मी काय उगाच म्हणतोय? पाच वर्षांत ते एकदा तरी अडकलंय का, विचार त्याला—" आपण काय बोलतोय ते लक्षात येऊन व्हर्लिन थांबला. मग जरा चिडूनच म्हणाला, "वस्तूचा काय दोष? वस्तू चांगली आहे."

"मला ते समोरून माहीत आहे," ट्रेसा म्हणाली.

नेडीनने ते पिस्तूल उचललं आणि काचेखाली न ठेवता सरळ मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. ती परत आली तेव्हा बापलेक होते तिथेच उभे होते. जूनी खाली उतरायला धडपडत होती आणि व्हर्लिनने तिला घट्ट धरून ठेवलं होतं.

"शेरीफने ते नेलं ना?" त्याने विचारलं. "सोमवारी. सगळ्याबरोबर."

"रायफली नेल्या."

"आणि हे?"

"हे मी सांगितलंच नाही."

"सांगितलं नाही म्हणजे? न्यायाधीशांनी तुला विचारलं, घरात काय काय आहे. मी मागच्या बाकावर बसलो होतो. मी ऐकलं."

"मी रायफलीच सांगितल्या."

"का?"

ट्रेसाने खाली वाकून मोजे गोळा केले, एकेक जोड स्टँडला लावला. बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो दिसेनासा होईपर्यंत तिने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. ती हल्ली प्रत्येक ट्रककडे असंच पाहायची.

"ते तुमच्या नावावर घेतलेलं होतं. कुठून आलं म्हणून तुम्हाला पुढे बोलावलं असतं. सगळ्या गावासमोर उभं केलं असतं." मग ती पुढे म्हणाली, "आणि तुम्ही किती हौसेने दिलं होतं ते."

व्हर्लिनला आधी राग आला. पोरीचा आला, न्यायाधीशांचा आला, ब्रेंटचा तर आलाच. पण तो राग फार टिकला नाही, त्याच्याखालून लाज वर आली. आपली लाज राखायला पोरीने स्वतःचा जीव टांगणीला लावला, आणि आपण इतके दिवस तिच्यासमोर बसून अंडी खात होतो. मुलीकडे बघण्याची त्याला हिंमत होईना.

"कुठे असतं ते?"

"त्याच्या ट्रकमध्ये. सीटखाली."

व्हर्लिनने जूनीला तिच्या आईकडे दिलं. शर्टाचा कोपरा वर केला, स्वतःचं पिस्तूल होल्स्टरसकट कमरेवरून काढलं आणि काउंटरवर ठेवलं.

"नेडीन, हे जरा ठेव. कोर्टाच्या दारात अडवतात."

"जा तू," नेडीन म्हणाली. "मी आहे इथे."

कोर्टाची इमारत चौकाच्या पलीकडेच होती. ट्रेसा त्याच्या मागोमाग निघाली. थांब म्हणावंसं त्याला वाटलं, पण तिला एकटीला मागे सोडणं आता त्याला जमणार नव्हतं. रस्ता ओलांडताना त्याचं उजवं कोपर सवयीने बरगडीखाली दाबलं गेलं, पिस्तूल जागेवर आहे ना ते बघायला. काहीच लागलं नाही. तो फुटपाथच्या कडेला क्षणभर थांबला, आणि ट्रेसाच्या मनात आलं की आपला बाप म्हातारा झाला. शर्ट त्याच्या अंगावर लोंबत होता.

त्याच इमारतीतल्या शेरीफच्या कचेरीत लोवेल बसला होता. लोवेल हा तिथला डेप्युटी, ब्रेंटच्याच वयाचा, हरणांच्या मोसमात त्याच्याबरोबर जंगलात जाणारा. लहानपणी व्हर्लिननेच त्याला ट्रकचा गिअर बदलायला शिकवलं होतं. त्यांना बघून तो उठून उभा राहिला.

"या, मिस्टर व्हर्लिन. ट्रेसा, काही त्रास तर नाही ना दिला त्याने?"

"एक पिस्तूल राहिलंय," व्हर्लिन म्हणाला.

"कुठलं?"

व्हर्लिनने वर्णन केलं. चपटं, काळं, होल्स्टर तपकिरी चामड्याचं, त्यावर अक्षरं. सीटखाली असतं. लोवेलने कागद ओढला आणि लिहायला लागला. मग त्याचं पेन थांबलं.

"त्याने तर सही केलीय, घरात होतं ते सगळं दिलं म्हणून. तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"मीच दिलंय. लग्नात."

"अच्छा," लोवेल म्हणाला. त्याने मान खाली घातली. "मलाही माझ्या सासऱ्यांनी दिलंय."

"तू ते नीट वापर," व्हर्लिन म्हणाला.

"हो सर."

लोवेलने ट्रकचा रंग लिहिला, नंबर त्याला पाठच होता. दुपारनंतर दोन माणसं पाठवतो म्हणाला. मग चाचरत पुढे म्हणाला, "पण एक सांगतो, मिस्टर व्हर्लिन, तो विकलं म्हणू शकतो. हरवलं म्हणू शकतो. आम्ही ट्रक बघू, पण ते तोवर तिथेच असेल असं नाही."

"ते कळलं मला. अजून एक लिही."

"काय?"

व्हर्लिनने टोपी काढून हातात घेतली. "देताना मी त्याला म्हटलं होतं, आता हिला तू सांभाळ. तेही लिही."

"मिस्टर व्हर्लिन, ते मला लिहायची गरज नाही."

"लिही म्हणतो ना. मी म्हटलं होतं. चर्चच्या मागे. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं."

लोवेल अवघडला. याला आता घरी घेऊन जा, अशा नजरेने त्याने ट्रेसाकडे पाहिलं. ट्रेसा जूनीला खांद्यावर थोपटत उभी होती. पोर पेंगायला आली होती.

"लिही लोवेल," ती म्हणाली. "ब्रेंटला ते पाठ आहे. जेवायला बसलं की पिस्तूल काढून माझ्या ताटाजवळ ठेवायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा. तुझ्या बापाने तुला सांभाळायला सांगितलंय."

खाद्याच्या पोत्याचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात तिने ते सांगितलं. गेले कित्येक दिवस ती एका दमात एवढं बोलली नव्हती.

व्हर्लिनने एक हात टेबलाच्या कडेला टेकवला. त्याच्या हातातली टोपी खाली पडली. लोवेलने टेबलाला वळसा घालून ती उचलली, झटकली आणि त्याच्या हातात दिली. मग तो जागेवर जाऊन बसला आणि खाली मान घालून ते वाक्य लिहिलं, सगळं, जसंच्या तसं.

"झालं?" ट्रेसाने विचारलं.

"झालं."

"चला, डॅडी."

व्हर्लिन दारापर्यंत आला आणि तिथे घुटमळला. बाहेर चौकात ऊन होतं, दोन ट्रक उभे होते, दोन्ही ओळखीचे. आता कुठल्या बाजूला वळायचं तेच त्याला सुचत नव्हतं.

"कुठे?" त्याने विचारलं.

"मिस नेडीनकडे," ट्रेसा म्हणाली. तिने मोकळ्या हाताने बापाचा दंड धरला आणि रस्त्याची दोन्ही टोकं पाहून घेतली. "माझं पिस्तूल राहिलंय अजून, होल्स्टरही."